अकरा पुरचुंड्या

मी चौथी शिकलो. पाचवीत नाव घातलं होतं, पण लावणीच्या दिवसांत घरी राहिलो तो परत गेलोच नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी चुका काढत बसायला नको. आणि हे मी हातानं लिहीत नाही. मी बोलतो, फोन लिहून घेतो. मग आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहणारी पोरगी ते वाचते आणि फोननं माझ्या तोंडात भलतंच काही घातलं असलं तर दुरुस्त करते. दुरुस्त करता करता तिनं माझी बोली बरीच पुस्तकी करून टाकली. माणसं जे बोलली ते तेवढं तसंच ठेव म्हणून तिला बजावलंय.

ही पोरगी परभणीकडची. तिचं ऑफिस हिंजवडीला, पण बहुतेक दिवस ती कोळवणला आमच्याच खोलीत बसून काम करते. कानाला ते लावते आणि भिंतीशी इंग्रजी बोलते. पहिल्या महिन्यात मला वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. माझी मुलगी कासार आंबोलीला दिलेली. ती मला आबा म्हणते, म्हणून हीपण आबा म्हणायला लागली. मी नको म्हणालो नाही.

येत्या फाल्गुनात बायकोला जाऊन दोन वर्षं होतील. कशानं गेली ते दवाखान्याच्या कागदात आहे, मी परत सांगत नाही. गेली तेव्हा अंगणात वाळत घातलेली मिरची तशीच होती. ती मुलीनं उचलली. मी काहीच उचललं नाही. पुढचा सबंध पावसाळा मी भात केलं, कारण भात नाही केलं तर गाव विचारतं. घरामागच्या परसात मात्र पाय ठेवला नाही. परसू तिचं होतं. भात माझं, परसू तिचं, अशी आमची वाटणी लग्नापासूनची. तिथं काय लावायचं, कधी लावायचं, हे मी कधी विचारलं नाही. ताटात यायचं ते खायचं. त्या वर्षी परसात नुसतं गवत माजलं.

गेल्या चैत्रात मुलगी माहेरी आली आणि स्वयंपाकघर झाडायला घेतलं. आंघोळीचं पाणी मी अजून चुलीवरच तापवतो. त्या चुलीच्या वर आढ्याला आडवी काठी बांधलेली, आणि काठीला धुरानं काळ्या पडलेल्या पुरचुंड्या टांगलेल्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बी बांधलेलं, आत राख. धुरानं किडा लागत नाही. रोज पाणी तापवताना मी त्यांच्या खाली बसायचो आणि वर बघायचो नाही. मुलीनं मोजल्या. अकरा.

ती म्हणाली, "आबा, गेल्या सालचं सगळं तसंच ऱ्हायलं. ह्या साली न्हाई टाकलं तर आईचं बी मेलं म्हनून समज."

बियाणं म्हणजे काय ते मला सांगायला नको. भाताचं बी मी आयुष्यभर धरलंय. एक पावसाळा चुकला तर बी अर्धं होतं. दुसरा चुकला की कोंबडीला घालायच्या लायकीचं. मी मुलीला म्हणालो, तू ने आणि तुझ्याकडं लाव. ती म्हणाली, आमच्याकडं आता अंगण कुठंय, पार भिंतीपर्यंत खोल्या बांधल्यात. ते खरं होतं. मग माझ्यावरच आलं.

अडचण अशी की कुठल्या पुरचुंडीत काय आहे ते माहीत नाही. तिला लिहिता येत नव्हतं. मी तिला अडाणी म्हणायचो. मस्करीत म्हणायचो असं आता म्हणता येईल, पण एकदा बँकेत दहा माणसांत मी तिला अंगठाबहाद्दर म्हणालो होतो आणि माणसं हसली होती. तिनं शाईचा अंगठा पदराला पुसला. घरी आल्यावर चहा दिला. एवढंच.

पुरचुंड्या घेऊन मी ओट्यावर बसलो आणि विळा काढला. भाडेकरू पोरगी चहाचा कप घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, थांबा आबा, आधी फोटो काढते. ऑफिसात तिला तशी सवय आहे म्हणे, काहीही उघडायच्या आधी होतं तसं टिपून ठेवायचं.

"लगीन हाय का पुरचुंडीचं, फोटो काढायला?" मी म्हणालो.

"असूं द्या की. नवरी काळी असली तरी फोटो काढतेतच."

काढले तिनं अकरा फोटो. मग मी एकेक दोरा विळ्यानं तोडला. दोरे गाठी मारमारून बांधलेले होते. उंदराच्या भीतीनं आवळून बांधले असतील, असं मला वाटलं.

भोपळा, दोडका, भेंडी आणि कारलं ही चार बियाणी मी ओळखली. बाकीची सात डोळ्यांसमोर होती आणि मला एकही सांगता येईना. तेव्हा पोरीनं मला पहिल्यांदा ते दाखवलं. फोन बियावर धरायचा, बटण दाबायचं, आणि फोन सांगतो हे काय आहे. मी म्हणालो आधी त्याची परीक्षा घेऊ. म्हैस दाखवली. त्यानं म्हैस सांगितलं. एवढं तर मलाही कळतं. मग माझी टोपी दाखवली, तर ती कुठं विकत मिळते त्याची दुकानं पुढं आली. कुंपणावरच्या एरंडाचं बी दाखवलं तर म्हणे गोचीड. मी तिला म्हणालो, तुझ्या ह्या पंडिताला घरी पाठव. पण खोटं कशाला बोलू, एरंडाचं बी दिसतं गोचिडीसारखंच. मी म्हशीच्या कानातून गोचिड्या काढल्यात, मलाही लहानपणी तसं वाटलं होतं.

मग पंडितानं काकडी सांगितली. दुधी सांगितला. पडवळ, चवळी, मुळा सांगितला. घेवडा सांगितला. प्रत्येक वेळी पोरगी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन बियांचे मोठे फोटो शोधायची आणि आम्ही दोघं ताडून बघायचो. बियांचेच फोटो, हजारोंनी, कुणीतरी एकेक बी पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले. मी विचारलं, हे बघायला काय पडतं. ती म्हणाली काही नाही. मग त्याला काय मिळतं. काही नाही. माझा विश्वास बसला नाही. आमच्याकडं वाटेवर कुणी पाण्याचा रांजण ठेवला तर गाव त्याचं नाव काढतं. इथं रांजण कुणी ठेवला तेच कळत नव्हतं, आणि मी मात्र पाणी पीत होतो.

अकरावी पुरचुंडी राहिली. आत काळं बी, कडेला पांढरी रेघ. पंडित म्हणाला वाल. पण वाल काय एक असतो? मुलीला फोनवर दाखवलं तर तिलाही सांगता येईना. मग पोरीनं एक वेबसाइट काढली, तिथं झाडापानांचे फोटो टाकायचे आणि कुणालाही विचारायचं. तिनं त्या बियाचा फोटो टाकला आणि न उघडलेल्या पुरचुंडीचाही टाकला. खाली माझ्या सांगण्यावरून लिहिलं, बायकोनं ठेवलेलं बी आहे, ओळखा आणि कधी लावायचं तेही सांगा.

तोवर मला फोनची चटक लागली होती. आमचा सातबारा फोनवर निघतो, हे मला साठीनंतर कळलं; त्याआधी त्या कागदासाठी मी पौडला किती खेटे घातले असतील. ढगांचा नकाशा सापडला, त्यात पाऊस घाटावरून कसा सरकतो ते दिसतं. एका व्हिडिओत एक बाई ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून ठेवत होती, कितींना मोड येतात ते बघायला. भाताचं मी तसंच करतो, पण भाजीच्या बियाचं तसं करावं हे डोक्यात आलं नव्हतं. घरी केलं. काकडीच्या दहातल्या सहा रुजल्या, दोडक्याच्या चार. घेवड्याच्या तीन. बी निम्म्यावर आलं होतं, पण जिवंत होतं. त्या दिवशी मी किती महिन्यांनी पोटभर जेवलो. अकराव्याचं मात्र फडक्यात घातलं नाही. त्याच्या बिया मोजून चौऱ्याऐंशी होत्या, आणि दहा वाया घालवायची माझी छाती होईना.

बाकीच्या बियांसाठी बरण्या आणल्या. पोरीनं चिठ्ठ्या लिहिल्या, मी डकवल्या. चांगली नीटनेटकी रांग लावली फळीवर. चिंध्या आणि दोरे रिकामे पडले होते. ते चुलीत घातले. धुरकट कापड, भपकन पेटलं. पाणी लवकर तापलं.

मृगाला चार दिवस राहिले होते. माझा बेत साधा होता. भाताचं रोप टाकायचं त्याच दिवशी सगळं परसात टाकून मोकळं व्हायचं. भाताचा माणूस मी. पाऊस पडला की बी टाकायचं, एवढंच मला माहीत. संध्याकाळी पोरगी खोलीतून आली ती फोन पुढं करूनच. उत्तर आलं होतं. कुणी बाई, मूळच्या मुठा खोऱ्यातल्या, आता लांब कुठं शाळेत शिकवतात. माझ्या बायकोचं माहेरही मुठ्याचंच. फोननं वाचून दाखवलं, त्याच्या सपाट आवाजात. ते मी पोरीकडून परत काढून घेतलंय, म्हणून शब्दाला शब्द देतो.

"बी वालाचंच आहे, आमच्याकडं ह्याला काळा पावटा म्हणत. पण तुम्ही दोऱ्याच्या गाठी मोजल्या का? फोटोत तीन दिसतात, बाकीचा दोरा खाली दबलाय. आमची आई अशाच मारायची. मृगाला एक, आर्द्राला दोन, पुनर्वसूला तीन. ज्या नक्षत्रात लावायचं तेवढ्या गाठी. मोजून सांगा, म्हणजे कधी लावायचं ते कळेल."

मी चुलीकडं बघितलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं. तिला माहीत होतं मी दोऱ्यांचं काय केलं ते.

मला एक आठवलं ते सांगतो. भिंतीवर कॅलेंडर असायचं. दर पंधरा दिवसांनी भाकरी थापता थापता बायको विचारायची, आज कंचं नक्षत्र लागलं? मी वाचून सांगायचो. वाहन काय, ती विचारायची. मी म्हणायचो बेडूक, नाहीतर म्हैस, नाहीतर गाढव. गाढव असलं की ती म्हणायची मग आज घरातच बसा, त्याला सोबत होईल. मी समजायचो बाईमाणूस आहे, पावसाचं विचारतेय. मग ती हात धुऊन स्टुलावर चढायची आणि काठीवरनं काहीतरी काढायची. चाळीस-बेचाळीस वर्षं मी तिला नक्षत्रं वाचून दाखवली आणि ती काय काढते ते एकदाही बघितलं नाही. ती लिहीत होती. दोऱ्यावर लिहीत होती, आणि तिला अडाणी म्हणणाऱ्या चौथी पास माणसाला ते वाचता आलं नाही. वर त्यानं ते जाळलं.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. पोरीनं दाराशी ताट ठेवलं, ते मांजरानं खाल्लं.

सकाळी तिनं ऑफिसला सुट्टी सांगितली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं ते अकरा फोटो काढले होते, ते फोनात होतेच, आणि फोन हरवला तरी दुसरीकडं कुठं तरी साठवलेले होते. कुठं, ते मला अजून कळलेलं नाही. तिनं एकेक फोटो बोटांनी ताणून मोठा केला. काळ्या दोऱ्यावर काळ्या गाठी. मी चष्म्यावर भिंग धरून मोजायचो, ती वेगळ्यानं मोजायची, आणि दोघांचा आकडा जुळला की ती लिहायची. काकडीला एक. दोडका, पडवळ, कारलं एक. भोपळ्याला एक, दुधीलाही एक. भेंडीला दोन. चवळीला दोन. घेवड्याला तीन. मुळ्याला नऊ, म्हणजे हस्त. मुळा मी मृगात टाकणार होतो. आमच्या मुळशीच्या पावसात एक पान वर आलं नसतं. निम्मं बी मी माझ्याच हातानं कुजवणार होतो.

दहा फोटोंत सगळ्या गाठी दिसत होत्या. अकराव्यात तीनच. दोरा पुरचुंडीच्या खाली गेलेला. फोटो उलटा करून बघता येत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

तीन दिसतात, म्हणजे तीन तरी आहेतच. त्यापुढं किती, ते ठाऊक नाही. मग आम्ही ठरवलं की पुनर्वसूपासून हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्राला थोडं थोडं टाकायचं. सात नक्षत्रं, चौऱ्याऐंशी बिया, दर वेळी बारा. पोरीनं त्याचा तक्ता केला, तो तिच्या फोनातही दिसतो आणि माझ्याही. मी काही भरलं की तिला तिकडं दिसतं. नक्षत्र लागलं की फोन वाजतो आणि बोलतो, आज पुष्य लागलं. पहिल्यांदा बोलला तेव्हा मी गोठ्यात होतो. सवयीनं कॅलेंडरकडं यायला निघालो. मग ध्यानात आलं की आता विचारणारं कुणी नाही, आणि सांगायचं कामही माझ्याकडं राहिलं नाही.

मृगात आणि आर्द्रात लावलेलं चांगलं आलं. काकडीचे वेल कुंपणावर चढले. पण काळ्या पावट्याचं वाईट होतं. पुनर्वसूच्या बारा गेल्या. उकरून बघितलं तर नुसता चिखल, बियाचा पत्ता नाही. पुष्याच्या बारा गेल्या. आश्लेषा लागलं त्या दिवशी माझा धीर सुटला. साठ बिया हातात होत्या. बी जुनं, दर पंधरा दिवसांनी आणखी जुनं होणार. मी ठरवलं की होतील त्या होतील, सगळ्याच टाकायच्या. वाटी घेऊन परसात गेलो. पोरगी चिखलातून चपला हातात घेऊन मागं आली. मी म्हणालो, तक्ता तुझ्या ऑफिसात लाव, शेती मला शिकवू नको. आणखीही बरंच बोललो. ते तिनं इथून खोडलंय.

ती तिथंच उभी राहिली, पाऊस अंगावर घेत. "आबा, आजींनी आठ गाठी मारल्या असल्या तर? आठव्याला काय टाकायचं मग आपण?"

मी तिला म्हणालो घरात जा, भिजशील. गेली नाही. मी बारा मोजून टाकल्या आणि बाकीच्या वाटीत ठेवल्या.

आश्लेषाच्या दोन आल्या. गोगलगाईंनी एका रात्रीत खाल्ल्या. मघाच्या पाच आल्या, वेल झाला, माझ्या जीवात जीव आला. पण तो नुसता पसरत गेला, पानंच पानं, आणि शेंड्यांना मावा बसला. पूर्वाच्या चार आल्या आणि त्यांची तीच गत व्हायला लागली. चोवीस बिया उरल्या. मुलगी फोन करून विचारायची आणि मी म्हणायचो बरं चाललंय. ती माझ्या आवाजावरून ओळखायची आणि दुसरं काहीतरी बोलायची.

आठवं नक्षत्र, उत्तरा, लागलं तेव्हा उघाड पडली होती. बारा टाकल्या. आठव्या दिवशी नऊ वर आल्या. नऊ. मी दोनदा मोजल्या, मग पोरीला मोजायला लावल्या. तिनं मोजून तक्त्यात भरलं. हस्ताच्याही तीन आल्या, पण त्या खुरटल्याच राहिल्या. उत्तराचे वेल भात कापणीपर्यंत कमरेइतके झाले. थंडी पडली तशी जांभळी फुलं लागली, देठाला धरून तुऱ्यासारखी. मार्गशीर्ष संपता संपता शेंगा भरल्या. मघाच्या वेलाला सगळ्यात मिळून मूठभर.

पहिल्या हिरव्या शेंगा मुलीनं येऊन सोलल्या. आमटी केली, तांदळाच्या भाकरी केल्या. पोरगी भिंतीशी इंग्रजी बोलणं संपवून आली. मी पहिला घास घेतला आणि मला कळलं हे काय ते. ही आमटी मी थंडीत दरवर्षी खाल्लीय. जराशी कडवट, मागून गोड लागणारी. झोडणीच्या दिवसांत खळ्यावर बायको हीच आणायची, किटलीत. मी खायचो आणि भाताबद्दल बोलायचो. हे काय आहे, असं एकदाही विचारलं नव्हतं. मुलीनं दुसरा घास घेतला आणि पदर तोंडाला लावला. पोरीनं विचारलं, तिखट झालं का. नाही, आम्ही दोघं म्हणालो.

बाकीच्या शेंगा मी वेलावरच वाळू दिल्या. त्या काढल्या, सोलल्या, उन्हात घातल्या. परवा मुलीनं आईच्या एका जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दिली. राख घातली, बी घातलं, आणि दोरा घेऊन बसलो. माझी बोटं आता जाड झालीत, आखडलीत. भाताच्या पेंढ्यांना आळे, म्हणजे काडाचे बंद, मी हजारांनी बांधले असतील, पण ह्या बारीक दोऱ्याला एका ओळीत गाठी मारायच्या म्हणजे कठीण काम. तिसरी मारताना दुसरी सुटायची. एका पुरचुंडीला सकाळपासून दुपार झाली, आणि बाकीच्या दहा लिहून ठेवलेल्या गाठींप्रमाणं कालपर्यंत बांधल्या. ती हे भाकरी झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर करायची.

पोरीनं पावट्याच्या पुरचुंडीचा फोटो काढला. ह्या वेळी चारी बाजूंनी काढला, मी न सांगता. मग मुठ्याच्या बाईंचं उत्तर आलं होतं ती वेबसाइट तिनं उघडली. त्यांचा प्रश्न सात-आठ महिने तसाच पडून होता. गाठी किती आहेत, मोजून सांगा. आम्ही तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं. काय लिहिणार होतो?

ह्या बाईंना मी बघितलेलं नाही. त्यांच्या आईलाही नाही. त्यांनी त्या फोटोतला दोरा बघितला नसता तर आज चुलीवर रिकामी काठी असती. बियांचे फोटो काढणारा तो कुणी, फडक्यात बिया ठेवणारी ती बाई, ह्यांच्यातलं कुणी मला ओळखत नाही, आणि माझ्या घरात अकरा पुरचुंड्या परत टांगल्या गेल्यात त्या त्यांच्यामुळं. आणि ह्या परभणीच्या पोरीमुळं. तिच्याशी मी परसात जे बोललो त्याबद्दल तिला मी काही म्हणालो नाही. आम्हा लोकांत तसं म्हणत नाहीत. तिच्या आईसाठी एक छोटी पुरचुंडी बांधून दिली, आठ गाठींची. परभणीच्या मातीत येईल का ते माहीत नाही. तिकडं पाऊस वेगळा. गाठीही वेगळ्या माराव्या लागतील, ते त्यांनी मोजावं.

पोरगी म्हणाली, बोला आबा, फोन लिहून घेतो. मी म्हणालो नको, हे मी लिहितो. तिनं अक्षरांची फळी उघडून दिली. अक्षरं बारीक, माझं बोट मोठं. आधी दुसरंच काहीतरी उमटलं, ते तिनं पुसायला दाखवलं. मग एकेक अक्षर शोधून मी बाईंना उत्तर दिलं.

आठ.